न शिकवलेली भीती

सोफेवाल्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. रस्त्याच्या टोकाला पत्र्याच्या गाळ्यात तो दिवसभर लोकांचे बसके सोफे उसवायचा, सैल झालेले पट्टे ताणून बांधायचा, फोम कापायचा, वर नवं कापड चढवायचा. काम करताना खिळे ओठांत धरायची त्याला सवय होती. "तोंडात खिळे असले की माणसाला उत्तरं द्यावी लागत नाहीत," असं त्याची बायको म्हणायची. ती त्याच गाळ्यात शिलाई मशीनवर गाद्यांच्या खोळी शिवायची आणि दोघांच्या वाटचं बोलायची.

त्याचे वडील देवभक्त. रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की पोरांना ओळीत उभं करून दिवसभरात काय चुकलं ते मोठ्याने सांगायला लावायचे. मारलं कधी नाही, ओरडलेही नाहीत. नुसतं म्हणायचे, "मी बघितलं नसेल, त्याने बघितलंय." ज्या दिवशी काही चुकलेलं नसायचं त्या दिवशी हा एखादी चूक रचून सांगायचा, आणि मग देवासमोर खोटं बोलल्याची धास्ती वेगळी. मोठा झाला, मिसरूड फुटलं, प्रार्थना कधीच सुटली. धास्ती मात्र सुटली नाही. बोटावर हातोडी बसली तरी पहिला विचार यायचा, आपलं काय बरं चुकलं?

लग्न झालं त्याच साली वडील गेले. दवाखान्यात शेवटच्या दुपारी त्यांनी याचं मनगट घट्ट धरलं. "माझं काही करायचं राहिलं तर नाही ना रे?" जन्मभर एक प्रार्थना न चुकवलेला माणूस, आणि डोळे सापळ्यात सापडल्यासारखे. घरी येताना त्याने कानाला खडा लावला, की आपल्या पोराबाळांना यातलं काही शिकवायचं नाही.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो; बायकोचं तसं नव्हतं. तीही त्याच देवाची. पण सुईत दोरा ओवताना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि मोकळी व्हायची. पोटुशी असताना ती म्हणाली, "अहो, पाण्यात कुणी बुडालं म्हणून पोरांना तहानलेलं ठेवायचं का?"

"मोठी झाल्यावर पिऊ दे हवं तेवढं. लहानपणी नको," तो म्हणाला. भांडण बरेच दिवस चाललं. शेवटी तिने माघार घेतली. मुलगी झाली, आणि तिच्या कानावर देवाचं नावही न पडता ती शाळेत जायला लागली.

मुलगी तिसरीत असताना बायकोच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण जखम चिघळली आणि तिचा दवाखान्यातला मुक्काम लांबत गेला. सोफेवाल्याची नुसती ओढाताण. सकाळी पोरीची वेणी घालायची, ती दहा मिनिटांत सुटायची. मग गाळा, मग दवाखाना, मग पुन्हा घर. अशात शाळेतून बाईंचा निरोप आला, मुलगी रोज उशिरा येते.

घर ते शाळा हाकेच्या अंतरावर. तो पोरीवर रागावला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या मागोमाग गेला. ती प्रत्येक फाटकाच्या लोखंडी गजांवरून बोटं फिरवत चालली होती, एकही गज न सोडता. मध्येच एक सायकलवाला आडवा आला, एक गज चुकला. पोरगी थेट कोपऱ्यापर्यंत परत गेली आणि तिने पुन्हा पहिल्या फाटकापासून सुरुवात केली. त्याने पुढे होऊन तिचा हात धरला. बोटांची टोकं गंजाने लाल होऊन सोलवटली होती.

"हे काय चाललंय?"

"हात लावला नाही तर आई मरेल."

"कोण म्हणालं तुला असं?"

"कुणीच नाही. मला माहीत आहे."

"आणि लावला तर?"

"मग आजच्यापुरती नाही मरणार."

तो तिथेच फूटपाथच्या कडेला बसला. पुढचं दार बंद करून आपण इतकी वर्षं पहारा दिला, आणि हे कुठल्या फटीतून आत आलं? तो तिला म्हणाला, "असं काही नसतं गं. वर बसून कुणी मोजत नाही."

"मग आईकडे कोण बघतं?"

"डॉक्टर."

"डॉक्टर घरी गेल्यावर?"

या वेळी त्याच्या तोंडात खिळेही नव्हते.

बायको घरी आली तेव्हा त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. ती हसली, टाके ओढले गेले तशी कळवळली आणि पुन्हा हसली. "आता मी शिकवू का? परवानगी आहे?" त्याने मान हलवली. तिने पोरीला जवळ घेऊन एकच ओळ शिकवली. झोपताना एकदा म्हणायची, की झालं.

"म्हणायची विसरले तर?" पोरीने विचारलं.

"विसरलीस तर विसरलीस. तो काय रुसून बसायला जावई आहे?"

फाटकांना हात लावणं हळूहळू थांबलं. प्रार्थनेने थांबलं, की आई घरी आली म्हणून, हे त्याला कधीच कळलं नाही. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, घरात आजारपण असलं की मुलं असं करतात. तेही खरं असेल. पुढे कॉलेजात गेल्यावर मुलीने ती ओळही सोडून दिली. ना भांडण, ना रडारड. आखूड झालेला फ्रॉक सोडावा तशी.

आता तिला स्वतःची लेक आहे. परवा दुपारी ती पोरीला खांद्यावर टाकून गाळ्यात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, सासूबाई हिला रोज प्रार्थनेला नेतात. हे म्हणतात, नेऊ दे. मला काही सुचत नाही. लहान मुलांना देव शिकवणं वाईट असतं का हो? तुम्ही तर माझ्यासाठी एवढं भांडला होतात."

सोफेवाल्याने ओठांतले खिळे काढून तळहातावर घेतले. गुडघे दुखत होते, नीट बोलायचं त्राण नव्हतं. "तुझे आजोबा आणि तुझी आई, दोघांचा देव एकच," तो म्हणाला. "आजोबा त्याला घाबरत गेले. तुझी आई त्याच्या जिवावर निवांत घोरते. आणि तुला मी काहीच दिलं नाही, तर तू लोखंडाला हात लावत फिरलीस. मला नाही समजलं, पोरी."

"हे काय उत्तर झालं?"

"नाहीच झालं."

ती चिडली. मशीन थांबवून तिच्या आईने विचारलं, "सासू घाबरवते का पोरीला?"

"नाही. गाणी म्हणून घेते."

"मग म्हणू दे. घाबरवायला लागली की मला सांग. मी येते."

मुलीचं समाधान झालेलं दिसलं नाही. तरी ती चहा घेऊन गेली. जाताना नात झोपेतच काहीतरी गुणगुणली. शब्द कळले नाहीत.

सोफेवाला गिऱ्हाइकाच्या अर्धवट सोफ्यावर टेकला.

"उठा, कापड चढवायचंय अजून," बायको म्हणाली.

"थांब जरा."

तिने कात्री खाली ठेवली आणि तीही त्याच्या शेजारी येऊन बसली.