डाव्या दाराचं हॅंडल

माझ्या वडिलांना मी फसवलं होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून सांगून टाकते. इथे कबुली द्यायचा फायदा असा, की लोक आधी लाइक करतात आणि मग वाचतात.

बाबा जबलपूरला गाड्यांच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी फौजेच्या लिलावातली एक म्हातारी जीप घेतली. लोक या वयात देवाला लागतात. आमचे बाबा रेडिएटरला लागले.

जुन्या गाडीच्या बाबतीत त्यांचा एकच नियम. आधीच्या मालकावर विश्वास ठेवायचा नाही. ऑइल, कूलंट, बेल्ट, होज पाइप, फिल्टर, सगळं एकदा नवं टाकायचं आणि प्रत्येकावर कागदी टेप चिकटवून तारीख लिहायची. याला ते बेसलाइन म्हणत.

"आता इथून पुढचं पाप आपलं."

माझे वीस वर्षांचे रविवार त्या बॉनेटखाली गेले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, म्हणजे नातेवाइकांच्या मते मी रिकामीच. टॉर्च धरायला.

जीपचं डावं दार आतून उघडत नसे. हॅंडल तुटलेलं. काच चार बोटं उतरायची, मध्ये गिअरचे दोन दांडे. बाबा फिरून येऊन बाहेरून उघडणार, तेव्हा माझी सुटका.

"बाबा, सगळ्या गाडीचं केलंत. हे हॅंडल काहून नाही बदलत?"

"तुला कुठं जायचं आहे?"

जायचं होतं. पुण्याच्या एका शाळेने व्हाइस प्रिन्सिपल म्हणून बोलावलं होतं. मी म्हटलं, जीप विका, माझ्यासोबत चला. ते म्हणाले, गाडी गरम होऊन राहिली आहे, तेवढं बरोबर करू, मग पाहू.

शेवटी शर्त लागली. भर मे महिन्यात जीप तीसेक किलोमीटरवरच्या पाटनला जाऊन न उकळता परत आली, तर पुण्याचं नाव काढायचं नाही. उकळली, तर जीप विकून दोघांनी निघायचं.

तोवर त्यांची कंबर गेली होती. म्हणून जीप पहिल्यांदाच बाहेरच्या मेकॅनिककडे गेली. गावातच, घमापूरला, माझ्यासोबत. रेडिएटर साफ करायचा आणि बाबांनी पेपरात गुंडाळून दिलेला नवा थर्मोस्टॅट बसवायचा, एवढंच काम.

थर्मोस्टॅट म्हणजे छोटासा वाल्व. इंजिन तापलं की उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. आमच्याकडचे मेकॅनिक तो सरळ काढून टाकतात.

"दीदी, ये निकाल देते हैं. झंझट ही ख़तम. पानी खुला घूमेगा, गाड़ी ठंडी रहेगी."

तो बिचारा मनापासून सांगत होता. पण मी वीस वर्षं टॉर्च धरली होती. या इंजिनात वाल्व नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला टाळून जवळच्या वाटेने इंजिनातच फिरत राहतं, हे मला माहीत होतं. मे महिन्यात ती उकळणारच.

मी म्हटलं, "निकाल दो, भैया."

आणि नवा वाल्व पर्समध्ये टाकला.

पाटनहून परतताना सुई लाल पट्ट्यात गेली. बाबांनी हीटर फुल केला. इंजिनची गर्मी ओढून घ्यायचा तो एक उपाय असतो. फौजेची गाडी, हीटर डोंगरातल्या थंडीसाठी बनवलेला.

बाहेर मे. आत हीटर. दार बंद. मांडीवर पर्स.

पापाची शिक्षा इतकी फटाफट मिळालेली मी दुसरी पाहिली नाही. सरकारी कामं अशी झाली असती तर!

एका झाडाखाली गाडी थांबली. बाबांनी उतरून बॉनेट उघडलं आणि माझ्या खिडकीशी आले. दार उघडलं नाही. चार बोटांच्या फटीतून बोलले, जेलमध्ये भेटायला आल्यासारखे.

"वाल्व कुठं आहे?"

मी पर्स जवळ ओढली.

"फेकला तर नाही न?"

"पर्समध्ये आहे."

"अच्छा."

"तुम्हाला कधी समजलं?"

"घरून निघालो तेव्हाच. वाल्व नसला की थंड इंजिन तापायला वेळ लागतो. इतका वेळ झाला तरी सुई उठूनच नव्हती राहिली."

"मग परत काहून नाही फिरलात?"

त्यांनी रुमालाने मान पुसली.

"म्हटलं, पोरीला इतकं जायचं आहे, तर जाऊ द्यावं."

मग दार उघडलं. "चलो, उतर. आता तूच बसव. माझी कंबर नाही वाकत."

इंजिन थंड व्हायला तासभर गेला. मग मी वाल्व बसवला, कॅनमधलं पाणी भरलं. बाबा शेजारी टॉर्च धरून उभे होते. भर दुपारी.

घरापर्यंत सुई मध्यावरून हलली नाही. गेटाशी ते म्हणाले, "उकळली न? शर्त म्हणजे शर्त. पुण्याला हो म्हण."

मी नाही म्हणून कळवलं.

त्याग वगैरे काही नाही, कमेंटमध्ये हात जोडू नका. लाज वाटली, बस. दार बंद होतं तोवर बोंबलता तरी येत होतं. त्यांनी उघडलं आणि मी बसूनच राहिले.

बाबा रोज चिडायचे. "मी सोडून राहिलो, तर ही जाऊन नाही राहिली!"

सहा महिन्यांनी ते गेले.

वर्षभर मी जीप नुसती सुरू करून बंद करत होते. आज सकाळी ऑइल बदलायला टूलबॉक्स उपसला, तर तळाशी पेपरात गुंडाळलेलं काहीतरी. नवं हॅंडल. टेपवर बाबांचं अक्षर, तारीख पाटनच्या दुसऱ्या दिवशीची.

"डावं दार. आतून."

कंबर बरी झाली की बसवू म्हणत असतील. मला सांगितलं नाही. सरळ सांगतील तर बाबा कसले.

दीड तास लागला. चार स्क्रू आणि एक शिवी. मग डाव्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं आणि आतून उघडलं.

पाच-सहा वेळा उघडलं. शेजारच्या काकू गॅलरीतून पाहून राहिल्या होत्या. पाहू दे.

टेप तशीच ठेवली. खाली आजची तारीख लिहिली.

बाबा, सोमवारी पुण्याला फोन करते. जागा असेल, नसेल.

तुम्ही टॉर्च खाली ठेवा आता. हात दुखला असेल.

नमस्कार करते.