विहिरीत माझी हवा कुणी घेतली?

आधीच सांगते, मी भुताखेताला मानणारी पोरगी न्हाई. आमच्या मेहकरात चिंचंखालून दिवस मावळल्यावर जायला पोरं भितेत, मी तिथंच उभं राहून फोनवर बोलते. रेंजच तिथं येती ना! हसायचं तर हसा... पण झालं ते जसंच्या तसं टाईप करायलेय.

माझा चुलतभाऊ, राजू अण्णा, गोव्यात टुरिस्ट लोकांना स्कूबा, म्हणजे पाठीला हवेचं सिलेंडर लावून पाण्याखाली जायला शिकवतो. मला बी तेच काम करायचंय म्हणून मी त्याच्या मागंच लागलते. दिवाळीला आला तर मालकाला इचारून दोन सिलेंडर अन् सगळं सामान गाडीत घालून आणलं.

म्हणला, "आपल्या विहिरीत पास झालीस तर तुला नेतो. न्हाई झालीस तर काकू बघायलीय ते बसवकल्याणचं स्थळ पक्कं!"

म्हणजे माझं सगळं ह्याच्यावर.

विहीर आमच्या शेतातच. दगडी, आत उतरायला पायऱ्या, पावसानंतर तुडुंब. पाणी शेवाळानं हिरवंगार, हातभर पुढचं दिसत न्हाई. मी लहानपणी पाठीला डबा बांधून तिथंच पोहायला शिकले. माझे वडील, अप्पा, वर काठावर दोर धरून बसलते. दुसरं टोक माझ्या कमरंला.

"गॅसची टाकी घेऊन निघालीस ते, चहा ठेवायलीस काय खाली?" अप्पाचं चालूच.

अण्णाचा ओरडा एकच, "श्वास धरू नको शितले! घेत राहा, सोडत राहा." आता आम्ही विहिरीत पोहणारे, डोकं पाण्यात गेलं की श्वास आपोआप बंद. सवयच ती.

मग त्यानं माझ्या उजव्या बाजूची पिवळी नळी दाखवली. "ही जादाची. सोबतच्याची हवा संपली की ही त्याच्या हातात द्यायची, तो तोंडात धरून श्वास घेईल, त्याचा दंड धरायचा, दोघांनी मिळून वर यायचं. मी खाली कवा बी मागणार. तीच परीक्षा."

भर दुपार होती. दोघं खाली गेलो. मी तळाला गुडघे टेकले अन् गाळ असा उठला की अण्णा दिसायचाच बंद झाला. नुसता माझ्या श्वासाचा आवाज... आत घेतला की खर्रर्र, सोडला की बुडबुडे.

तेवढ्यात पिवळी नळी ओढली. हळूच. परत एकदा.

मला वाटलं, आली परीक्षा! नळी सोडवून पुढं धरली. हातातून घेतली त्यानं. अन् दुसरा श्वास सुरू झाला. मी असली खुश! दंड धरायला हात नेला... पाणी. अजून पुढं नेला... पाणीच. मग नळी चाचपत चाचपत टोकाला गेले. टोक थरथरायलतं. त्याच्या पुढं तोंड न्हाई, गाल न्हाई, कायच न्हाई.

भीतीनं माझा श्वास धरला गेला. जे करू नको म्हणलं तेच. माझा आवाज थांबला.

दुसरा थांबला न्हाई.

खर्रर्र... बुडबुडे... खर्रर्र... बुडबुडे. हळू, निवांत. त्याला कायच घाई नव्हती.

हवेचा काटा डोळ्यापाशी आणून बघितला तर लालमध्ये, हवा संपतच आलेली. आत्ता तर अर्ध्याच्या वर होता! मी दोर हिसकला. अप्पानं वर ओढलं अन् उजव्या बाजूला नळी ताणली, सुटंना. दोर वर ओढायलाय, ती खाली. मग एकदम ढिली झाली. वर येईपर्यंत मी माझी नळी तोंडात धरूनच ओरडत होते.

वर आले तर अण्णा पाण्यालगतच्या पायरीवर कान धरून बसलेला. "माझा कान दुखायला, मी मघाच वर आलो. तुला खूण केलो की, दिसली न्हाई?"

काठावरून अप्पानं वाकून बघितलं. "तू कवा वर आलास रे? दोन जागी बुडबुडे निघायलते, म्या म्हणलं दोघं बी खालीच हाईत."



नंतर अण्णा म्हणला, नळी बिघडून हवा सुटली असंल, अन् तू भिऊन जास्त श्वास घेतलीस. पण सुटलेली हवा एकसारखी सुटती ना? ती मधी थांबून श्वास कामून घेईल? त्यानं नळी खोलून बघितली, चांगली होती. अप्पाला खोदून खोदून इचारलं, विहिरीत कुणी गेलंय का. "न्हाई गं माय, म्या स्वतः उभा राहून खांदलेली विहीर हाय. कुणी बुडालं न्हाई, कुणी जीव दिला न्हाई." मग कोण होतं?

"हवा मागितली, तू दिलीस. पास," म्हणला अण्णा. पण माझ्याकडं बघितला न्हाई. परत जाईपर्यंत नळावरच आंघोळ केला.

आता मी गोव्यात हाय. उद्या समुद्रात खरी परीक्षा, सर्टिफिकेट त्याच्यावरच. दुसरे सर हाईत. अण्णा म्हणतो पाणी निवळ असतंय, सर समोर दिसतेत, भ्यायचं काय? पण समोरून मागितली तर मी देईनच हो. नळी पाठीमागून ओढली, अन् वळून बघितलं तर तिथं कुणीच नसलं... तर द्यायची का न्हाई?

कुणाला असं झालं असंल तर सांगा. लवकर सांगा. सकाळी बोट निघती.