किल्लीसाठी पुढे आलेला हात

तिचा चेहरा मला नीट आठवत नाही, हात आठवतो.

आल्प्सच्या घाटात बर्फ वाढला, म्हणून कडेला थांबून आमचे हे टायरना साखळ्या लावायला उतरले. पुढच्या गाडीतली म्हातारी जर्मन बाई स्वतःच्या साखळ्या सफाईने चढवून आमच्याकडे आली. आमच्या रुंद, चपट्या टायरमागे तिने बोटं घालून पाहिली. ती आत जाईनात.

"नाइन, नाही! इथे जागाच नाही, साखळी ब्रेकची नळी कापते. चढताना कळत नाही. उतरताना कळतं."

मागच्या सीटवर आमची मुलगी झोपली होती. मी म्हटलं, "अहो, ऐका ना."

"हळू नेतो गं."

बाईने वाद घातला नाही. किल्लीसाठी हात पुढे केला. पलीकडच्या उताराकडे बघत राहिली, पण किल्ली मिळेपर्यंत तो मागे घेतला नाही.

यांनी किल्ली दिली. त्या उतारावर तिचं कोण गेलं होतं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.