यजमान दिसले का?

संगणकाच्या पडद्यावर आज एक फिकट ठिपका उमटला. काही महिन्यांपूर्वी तिथे एक तारा मरताना गॅमा किरणांचा स्फोट झाला होता. ज्या दीर्घिकेत असा स्फोट होतो, तिला आम्ही अभ्यासक ‘यजमान’ म्हणतो. स्फोटाच्या झळाळीत ती दिसत नाही. झळाळी ओसरेपर्यंत महिनोन्महिने थांबावं लागतं. किती घरं अशी मरणानंतरच कळतात!

नवऱ्याचं तेरावं उरकून माझ्या सहकारी सुनंदाताई आजच कामावर आल्या होत्या. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि मी सवयीने विचारून गेलो, “ताई, यजमान दिसले का?”

जीभ चावली, पण शब्द सुटला होता.

ताई ठिपक्याकडे बघत राहिल्या. “दिसले,” म्हणाल्या. “विझल्यावरच दिसतात हो.”