चिठ्ठी आली तरी गाणं थांबवायचं नाही

बाळांनो,

तुम्ही मित्रांना सांगता की आमची आजी गाणं शिकवते. ही माहिती दुरुस्त करून घ्या. मला सूर कशाशी खातात तेही ठाऊक नाही. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची तंद्री लागावी आणि लागलेली मोडू नये, एवढंच मी बघते. त्यासाठी आता माणगावच्या नाचाच्या क्लासातूनही बोलावणं येतं. परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या मोठीने मला ‘फ्लो कोच’ असं पदही देऊन टाकलं. पद चांगलं आहे. पण सुरुवात कशी झाली ते क्रमाने सांगते.

म्हसळ्याला एसटी स्टँडजवळ तीस वर्षं माझा टायपिंगचा क्लास होता. नव्या मुलींच्या यंत्रावर मी पुठ्ठ्याचं झाकण घालायचे. अक्षरं दिसत नाहीत म्हणून त्या महिनाभर कुरकुरायच्या. मग एखाद्या दिवशी मुलगी विचार करायची थांबायची आणि बोटं आपोआप चालू लागायची. अडखळत येणारी टकटक शिवणयंत्रासारखी सलग व्हायची. माझी पाठ असली तरी मला कळायचं, हिला तंद्री लागली.

पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या, यंत्रं भंगारात गेली आणि साठाव्या वर्षी मी घरी बसले. स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावली, मग ती काढून अधिक चांगली लावली. तिसऱ्यांदा डबे ओट्यावर मांडले तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, “तू बाहेर काहीतरी बघ.”

बाहेर म्हणजे आपलं बुद्धविहार. तिथे रविवारी दुपारी गायन पार्टीची तालीम असते. त्या वर्षी पार्टी बंद पडायच्या बेताला आली होती. ज्या म्हाताऱ्या गायकाने ती उभी केली, त्यांचा आवाज घशाच्या ऑपरेशननंतर गेला होता. नुसता खरखरीत कुजबुजण्याएवढा उरला होता. त्यांच्या सुनेचा गळा फार गोड. पण आदल्या जयंतीला ती गाण्यात मधेच थांबली, रडली आणि स्टेजवरून उतरली. म्हाताऱ्यांनी सांगून टाकलं होतं, “या जयंतीला जमलं तर जमलं. न्हायतर पेटी-ढोलकी गुंडाळून ठेवू.”

ती थांबली का? तुम्ही आपले कार्यक्रम पाहिलेले नाहीत, म्हणून सांगते. गाणं आवडलं की ऐकणारा उठून सरळ स्टेजवर जातो आणि गायकाला बक्षीस आणि चिठ्ठी देतो. चिठ्ठीत त्याचं नाव आणि गाव. गायक तिथेच थांबून ते माइकवर वाचतो आणि गाणं पुन्हा उचलतो. जुन्यांना ते सहज जमायचं. सुनेने चिठ्ठी वाचली आणि पुढची ओळ तिला काही केल्या सापडेना.

मी म्हटलं, हे माझं काम. पहिल्याच रविवारी लाल पेन घेऊन बसले आणि तिच्या सतरा चुकांची यादी तिच्या हातात ठेवली. पुढच्या रविवारी सतराच्या तीस झाल्या. ढोलकीवाला एसटीत कंडक्टर आहे. तो म्हणाला, “बाई, तुमी शिकवता का तिकिटं फाडता?”

मला शरम वाटली. क्लासात मी चुका मोजायचे, पण कागद यंत्रातून निघाल्यावर. यंत्र चालू असताना कधीच नाही.

मग लाल पेन घरी राहिलं. सुनेची गाण्याची वही मी पालथी ठेवली, यंत्रावर पुठ्ठा ठेवायचे तशी. आणि नियम केला की चिठ्ठी कोरसमधल्या बाईने घ्यायची, नाव कडवं संपल्यावर वाचायचं. म्हातारे तडकले.

“देणाऱ्याचा मान हाय तो. आमी चाळीस वर्षं थांबलो, काय बिघडलं?”

सून वहीकडे बघतच म्हणाली, “बाबा, तुमचं न्हाय बिघडत. माझं बिघडतं.”

ते उठून गेले आणि तालमीला यायचेच बंद झाले.

मी मात्र दर रविवारी ती गात असताना उठायचे आणि तिच्या डोळ्यांपुढे चिठ्ठी धरायचे. ‘गॅस बंद केलास का?’ ‘तुझी जाऊ तुझी नवी साडी नेसून बसली आहे.’ पहिल्यांदा ती हसून खालीच बसली. नंतर ओठ चावत गायली. सहाव्या रविवारी मी चिठ्ठी धरून उभी राहिले, तर तिला मी दिसलेच नाही. आवाज सलग येत होता. मी हळूच जागेवर येऊन बसले आणि मला फार आनंद झाला.

जयंतीला मांडव भरला होता. पहिलं गाणं नीट झालं. दुसऱ्याच्या मध्यावर समोरून कोण उठावं? तिचे सासरेच, हातात चिठ्ठी घेऊन. कोरसमधल्या बाईने हात पुढे केला. त्यांनी दिली नाही. तिला ओलांडून ते थेट सुनेपुढे गेले आणि हात लांब करून उभे राहिले. ढोलकीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार?

सुनेचे डोळे उघडे होते, पण ती गाण्यात होती. कडवं संपलं. तिथे थांबायचा आमचा नियमही ती विसरली आणि तिने पुढचं कडवं उचललं. मागून कुणीतरी ओरडलं, “बसा आता, फोटो निघाला.” लोक हसायला लागले. म्हातारे हलले नाहीत. मग ध्रुवपद आलं आणि त्यांचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता, पण शब्द सगळे होते. त्यांनी हात खाली घेतला, मागे जाऊन कोरसच्या रांगेत मांडी घातली आणि टाळ्यांचा ठेका धरला.

गाणं संपलं. सुनेने वळून पाहिलं आणि ती दचकली. “बाबा, तुमी कवा आलात?” हे ती माइकवरच बोलली. सगळा मांडव हसला.

“मगाशी,” ते म्हणाले. मग शेजारी ठेवलेली तिची पालथी वही त्यांनी आपल्या मांडीखाली सरकवली. “पुढचं घे.”