दिगू कधीच हरला नाही

मीराचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्राची घडी घालत होते. "मोठ्या आई, हे उठंनात..." एवढंच ती बोलली. तिच्या आवाजामागे टीव्हीतली ती किरटी धून चालूच होती. ती बंद करायचं तिला सुचलं नव्हतं. माझा पुतण्या दिगंबर पेडगावच्या घरात, गेमचा रिमोट हातात धरून, पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. एवढ्या उमद्या माणसाला शेवटची सोबत कुणाची, तर त्या चार सुरांच्या पिपाणीची. मला त्या धुनीचा तेव्हाही राग आला आणि अजूनही आहे.

नातवंडांनो, तुम्ही दोघं आता परदेशातून विचारता की दिगूकाका लहानपणचा तोच एक गेम जन्मभर का खेळत राहिले, आणि तो गेमचा सेट आम्हाला पाठवशील का. तेराव्याला आलेल्या एका प्राध्यापकांनी याचं उत्तर देऊन टाकलं. म्हणे, त्यात त्याचं हरवलेलं बालपण होतं. बालपण हरवायला ते आधी संपावं लागतं, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

दिगू शिकायला माझ्याकडे परभणीत आला तेव्हा पाचवीत होता. त्याच्या मामाने हैदराबादहून तो सेट आणून दिला. गेम म्हणजे काय, तर मुंगीएवढा एक शिपाई उड्या मारत किल्ल्याचे दरवाजे ओलांडतो आणि वरून दगड पडतात. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण त्या पडद्यात मला एका वाक्याचाही अर्थ सापडला नाही. पुढे नामांतराच्या दिवसांत एसट्या बंद, शाळा बंद. ज्यांनी कधी कॉलेजची पायरी चढली नव्हती, ती माणसं विद्यापीठाच्या नावावरून चौकात गळे काढत होती आणि माझ्या बैठकीत गल्लीतली पोरं त्या शिपायासाठी. बाहेरच्यांची मला किळस होती, घरातल्यांची कीव. आज थांबून उद्या पुढे खेळायची सोय त्या गेममध्ये नव्हती. बंद पडला की पुन्हा पहिल्या दरवाजापासून. आणि परभणीची लाईट! शिपाई शेवटच्या दरवाजाशी पोचायचा आणि ती जायची. बाकीची पोरं बोर्डाला शिव्या घालायची. दिगू मात्र खुशीत असायचा. "म्या हरलो न्हाई, मोठ्या आई. लाईट गेली."

"परीक्षेच्या पेपरात असंच लिहून ये," मी म्हणायचे.

लिहिलं नसेल, पण सांगितलं तेच. बारावी हुकली, कारण अभ्यासाच्या वेळी लाईट नव्हती. मोसंबी वाळली, कारण मोटारीला लाईट नव्हती. लाईट असायची तेव्हा हा शेतात नसायचा, हे सांगायला कुणी गेलं नाही. स्वतःला कधी दोष न देणारा माणूस दुसऱ्यालाही देत नाही, म्हणून सगळ्या पेडगावाला तो "लय भला माणूस" वाटायचा. घराच्या वरच्या मजल्याच्या भिंती त्याने हौसेने उभ्या केल्या आणि स्लॅब राहिला. मीरा चारठाण्याहून लग्न होऊन आली ती त्या उघड्या भिंतींखालच्या एका खोलीत. तिथेच स्वयंपाक, तिथेच पाहुणे, तिथेच तो टीव्ही. तिचं मागणं एकच होतं. वर एक खोली, जिचं दार लावलं की ती धून ऐकू येणार नाही. "पुढच्या साली टाकू," दिगू म्हणायचा... आणि घरात इन्व्हर्टर आला. स्लॅबच्या आधी इन्व्हर्टर!

तो आल्यावर मी एकदा पेडगावला गेले होते. दुपारी लाईट गेली, पण पंखा थांबला नाही, टीव्हीही थांबला नाही. शिपाई शेवटच्या दरवाजाशी पोचला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पडद्याकडे पाहत चहाचा कप खाली ठेवला. दिगूने हात लांबवला आणि सेटचं बटण बंद केलं.

"दिगंबर, आज तर लाईट होती."

"होती ना," तो हसला. "म्हणून तर हातानं घालवावी लागली."

"रोजचंच हाय," मीरा पोळी लाटता लाटता म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

हे तुमचं उत्तर. त्याला गेमचं वेड नव्हतं. दरवाजाशी पोचलेला आणि आत न गेलेला, म्हणून कुणीच न हरवलेला शिपाई राहणं, याचं वेड होतं. त्याला तुम्ही निष्ठा म्हणाल. मी भित्रेपणा म्हणते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, तर तेही बोलते. चहा उत्तम करायचा. आणि मला फाट्यापर्यंत सोडायला, कितीही ऊन असो, दर वेळी आला. एसटी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहायचा...

तेराव्याची पंगत उठत असताना मीरा भावकीसमोर म्हणाली, "मला स्लॅब टाकायचाय. पावसाच्या आत."

माझा चुलत दीर दाजीबा हात धुता धुता थांबला. "सूनबाई, वरीस सरल्याबिगर घराला हात लावत नसतेत."

मीराने माझ्याकडे पाहिलं. घरात वडीलधारी मीच होते. मी विचारलं, "दाजीबा, इतकी वर्षं या घरात कुणी गेलं नव्हतं. तेव्हा का नाही पडला स्लॅब?"

"तवा लाईटीची बोंब होती की, वैनी."

"स्लॅबचं मिक्सर डिझेलवर चालतंय, मामंजी," मीरा म्हणाली.

पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. दाजीबा टोपी घालून निघून गेला. मी मीराला म्हटलं, "गवंड्याला उद्याच बोलाव. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

स्लॅब पडला. गेल्या आठवड्यात गेले तेव्हा टेकू अजून काढले नव्हते. तो सेट तुम्हाला मिळणार नाही. मीराने तो दिला नाही. खालच्या खोलीत दिगूच्या जागी बसून ती खेळत होती. फार वाईट खेळते. दुसऱ्याच दरवाजाशी शिपायाच्या डोक्यात दगड बसला. तिने रिमोट खाली ठेवला, कपाळावरचे केस मागे सारले.

"हरले," ती म्हणाली, आणि स्लॅबला पाणी मारायला वर गेली.