घरचं नेटवर्क

मागे एका रविवारी दुपारी घरमालकीण काकूंच्या बैठकीत बसून मी बदलीचा अर्ज छापायला घेतला... आणि लॅपटॉपला प्रिंटर काही केल्या सापडेना.

नोकरीसाठी साताऱ्याहून हिंगोलीला आले त्याला वर्ष होत आलं. काकूंच्या वरच्या खोलीत एकटीच राहते. ऑफिसचा दिवस निघून जातो, पण सुट्टीच्या दिवशी दुपार झाली तरी कुणाशी एक शब्द बोललेला नसतो. त्या दिवशी पहिलं बोलणं झालं ते प्रिंटर वापरू का, एवढंच.

प्रिंटर काकूंच्या मुलाचा, संतोषचा. तो पुण्याला गेला आणि प्रिंटरवर काकूंचा विणलेला रुमाल आला. घरातलं वायफायही त्यानेच लावून दिलेलं.

लॅपटॉपवर नेटवर्क उघडलं तर सगळं कोरं. बराच वेळ डोकं खाजवल्यावर आठवलं... पहिल्या दिवशी लॅपटॉपने विचारलं होतं, हे नेटवर्क प्रायव्हेट की पब्लिक? खोली भाड्याची, घर दुसऱ्याचं, म्हणून मी 'पब्लिक' दाबून मोकळी झाले होते. तेव्हापासून या घरातलं काही मला दिसत नव्हतं, आणि मीही कुणाला दिसत नव्हते.

काकू सुपात हळकुंडं निवडत होत्या. त्यांना हे सांगितलं तर त्यांना लागलंच जरा. म्हणाल्या, "काहून हो मॅडम? आमचं घर काय एस्टी स्टॅन्ड हाय का?"

मी गुपचूप 'प्रायव्हेट' दाबलं. मग पडद्यावर एकेक गट दिसू लागला. कॉम्प्युटरच्या गटात माझ्या नावाचा लॅपटॉप, एकटाच. खाली प्रिंटर. आणि त्याखाली एक नाव... 'आईचा टीव्ही'.

संतोषनेच कधीतरी टाकून ठेवलेलं असणार. काकूंना पत्ताच नव्हता. मी वाचून दाखवलं तशा त्या सूप बाजूला ठेवून माझ्याजवळ येऊन बसल्या. मग हळूच विचारलं, यात संतोषचा कॉम्प्युटर कुठाय?

मी सांगितलं, जे या घरात आहे आणि चालू आहे, तेवढंच यात दिसतं.

त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "मंग तुमची बदली झाली की तुमी बी दिसनार न्हाई."

मी अर्ज छापला, रुमाल पुन्हा प्रिंटरवर नीट घातला आणि वर आले. खोलीत येऊन रडले थोडी...

अर्ज दिलाय. आईची फार आठवण येते, साताऱ्याला तिच्याजवळ जायचंय, ते खरंच आहे. पण हल्ली ऑफिसातून आले की लॅपटॉप वर नेत नाही, काकूंच्या बैठकीतच उघडून बसते. काम असतंच असं नाही. त्या त्यांची मालिका बघतात, मधूनच माझ्या पडद्याकडे एक नजर टाकतात.

'आईचा टीव्ही' असतो, त्याच्या वर माझं नाव असतं... जाईपर्यंत तरी तिथे दिसत राहीन म्हणते.